जाहिरात आणि जनसंपर्कातल्या संशोधन पद्धती: विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा पेपर शिकवताना दर सत्राला जवळपास तेच प्रश्न येतात. वर्गात विचारायला संकोच वाटतो, म्हणून ते तास संपल्यावर जिन्यात किंवा सबमिशनच्या आदल्या रात्री मेसेजवर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. जिथे अडला असाल त्या प्रश्नाकडे थेट जा.

जाहिरात म्हणजे कल्पकतेचं काम. मग संशोधनाचा पेपर आमच्या माथी का?

कल्पना सुचली तरी ती कुणासाठी आहे, त्या माणसाला ती कळली का आणि कळल्यावर काही घडलं का, हे प्रश्न उरतातच. त्यांची उत्तरं कुणीतरी द्यावी लागतात. ती अंदाजाने दिली, तर बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं मत खरं ठरतं.

हे क्षेत्र आणि संशोधन मुळापासून सोबत वाढले आहेत. जॉर्ज गॅलप यांचं नाव आपल्याला निवडणुकीच्या कलचाचण्यांमुळे माहीत असतं. पण १९२८ साली आयोवा विद्यापीठातून त्यांनी पीएचडी केली, ती वाचक वर्तमानपत्रात नेमकं काय वाचतात हे मोजण्याच्या पद्धतीवर. पुढे १९३२ मध्ये ते यंग अँड रुबिकॅम या जाहिरात संस्थेत संशोधनाचं काम बघायला गेले.

संशोधन केलं की प्रश्न सुटला असंही नाही, आणि पेपरचा खरा गाभा हाच आहे. कोका-कोलाने नवी चव आणण्याआधी सुमारे दोन लाख लोकांकडून चवीच्या चाचण्या करून घेतल्या. नवी चव जिंकली. २३ एप्रिल १९८५ ला ती बाजारात आली, आणि लोकांचा संताप इतका झाला की जुलैमध्ये जुनं पेय परत आणावं लागलं. चाचण्यांची संख्या प्रचंड होती आणि आकडेमोडही बिनचूक होती. पण घोट घेणाऱ्याला विचारलं होतं ते 'दोन्हींपैकी कोणतं चवीला बरं?' एवढंच. जुनं पेय कायमचं बंद होणार, हे समोर ठेवून त्याला निवड करायला सांगितलं नव्हतं. कंपनीला निर्णय घ्यायचा होता एका गोष्टीचा आणि मोजली भलतीच. म्हणून आमच्या वर्गात पहिल्या दिवसापासून एकच विचारणा असते: तुमच्या संशोधनाचं उत्तर 'हो' ऐवजी 'नाही' आलं, तर कुणाचा कोणता निर्णय बदलेल? याचं उत्तर देता येत नसेल, तर प्रश्नावली छापायची वेळ अजून आलेली नाही.

माझं गणित कच्चं आहे. झेपेल का?

झेपेल. टक्केवारी, सरासरी, वर्गमूळ आणि आलेख वाचणं, एवढ्यावर पहिलं सत्र निघतं. बाकी आकडेमोड सॉफ्टवेअर करतं. मार्क जातात ते भाषेत. 'टक्के' आणि 'टक्केबिंदू' यांत गल्लत करणारे खूप असतात. ब्रँड ओळखणारे २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले, तर वाढ ५ टक्केबिंदूंची आहे, किंवा २५ टक्क्यांची आहे. दोन्ही विधानं खरी आहेत. क्लायंटला दुसरं जास्त आवडतं, म्हणून अहवालात दोन्ही लिहा.

मार्केट रिसर्च आणि हा विषय एकच ना?

बरीच पद्धत सारखी, पण डोळा वेगळा. मार्केट रिसर्चमध्ये समोर ग्राहक असतो. जाहिरात संशोधनात समोर संदेश असतो: तो दिसला का, समजला का, लक्षात राहिला का. जनसंपर्कात तर एकच 'जनता' नसते. कारखाना सुरू करणाऱ्या कंपनीसाठी कर्मचारी, शेजारी राहणारी माणसं, पत्रकार, भागधारक आणि सरकारी अधिकारी हे वेगवेगळे जनसमूह असतात, आणि एकाला दिलासा देणारं वाक्य दुसऱ्याला धमकी वाटू शकतं. त्यामुळे पीआरमध्ये 'लोकांना काय वाटतं?' याआधी 'कोणत्या लोकांना?' हे विचारावं लागतं.

प्रकल्पाचा विषय कसा ठरवू? 'सोशल मीडियावरील जाहिरातींचा तरुणांवर होणारा परिणाम' घेतला तर?

हा विषय दरवर्षी येतो आणि दरवर्षी परत पाठवला जातो. त्यातला प्रत्येक शब्द सैल आहे. कोणता सोशल मीडिया? जाहिरात म्हणजे कंपनीने पैसे देऊन चालवलेली, की इन्फ्लुएन्सरने केलेली शिफारस? तरुण म्हणजे किती वयाचे? आणि परिणाम कशावर: आठवणीवर, मतावर, खरेदीवर, की स्वतःच्या शरीराबद्दल वाटणाऱ्या भावनेवर?

शब्द एकेक करून आवळत न्या. समजा तुमचं कुतूहल इन्फ्लुएन्सरच्या पोस्टबद्दल आहे. मग त्यातलं काय खटकतं? 'ही पेड आहे हे कळतच नाही', असं तुम्ही म्हणाल. छान, आता धागा हाती लागला. तो ओढत गेलं की प्रश्न असा होतो: 'पोस्ट प्रायोजित असल्याचा उल्लेख मजकुराच्या पहिल्या ओळीत असेल, तर तो शेवटी असण्याच्या तुलनेत पदवीचे विद्यार्थी त्या शिफारशीवर कमी विश्वास ठेवतात का?' हा प्रश्न एका सत्रात पेलतो. कुणाला विचारायचं, काय दाखवायचं, काय मोजायचं, सगळं त्यातच आलं. शिवाय उत्तर कोणत्याही बाजूने आलं तरी उपयोगाचं आहे.

विषय लहान वाटतो म्हणून नाराज होऊ नका. मोठ्या विषयावरचा ढोबळ प्रकल्प कुणी पुन्हा उघडत नाही.

लिटरेचर रिव्ह्यूसाठी, म्हणजे आधीच्या अभ्यासांच्या आढाव्यासाठी, किती पेपर वाचायचे?

आकडा तुमचे गाईड सांगतील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वाचताना प्रत्येक पेपरमधून चार गोष्टी एका तक्त्यात उतरवा: प्रश्न काय होता, कुणावर तपासला, मोजलं कसं, सापडलं काय. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा, कारण विश्वास किंवा ब्रँडबद्दलचा कल मोजण्याच्या तयार, तपासलेल्या मोजपट्ट्या, म्हणजे ठरावीक प्रश्नांचे संच, तिथेच मिळतात. पंचवीस वर्षं वापरात असलेली मोजपट्टी मूळ संदर्भ देऊन घेण्यात काहीच कमीपणा नाही. उलट तुमचे निकाल आधीच्या अभ्यासांशी ताडून बघता येतात. आणि 'अमुक म्हणतात, तमुक म्हणतात' अशी रांग लावू नका. कोण कुणाशी सहमत आहे आणि कुठे मतभेद आहेत, ते लिहा.

सर्व्हे, मुलाखत, फोकस ग्रुप, प्रयोग, आशय विश्लेषण. यातलं मी काय निवडू?

पद्धत आधी निवडून मग तिला प्रश्न शोधणं, हीच सगळ्यात मोठी अडचण आहे. बहुतेकांचा गूगल फॉर्म तयार असतो आणि त्यात काय घालायचं हे नंतर ठरतं.

'किती जण?' असं विचारायचं असेल तर सर्व्हे. 'का?' आणि 'कसं?' असेल तर मुलाखती. लोक आपसात एखाद्या गोष्टीबद्दल कसं बोलतात हे बघायचं असेल तर फोकस ग्रुप. 'याच्यामुळेच ते घडलं का?' असेल तर प्रयोगाला पर्याय नाही. माध्यमांत काय छापलं, काय दाखवलं हे तपासायचं तर आशय विश्लेषण, आणि त्यासाठी एकाही माणसाला प्रश्न विचारावा लागत नाही. पण म्हणूनच आशय विश्लेषणावरून 'प्रेक्षकांवर असा परिणाम झाला' असं लिहिता येत नाही. जाहिरातींत बायका स्वयंपाकघरातच दिसतात हे मोजता येईल. ते बघून मुलींना काय वाटतं, हा वेगळा अभ्यास.

वेळ असेल तर आधी पाच-सहा मुलाखती आणि मग सर्व्हे हा क्रम फार चांगला. प्रश्नावलीत लोकांच्या तोंडचे शब्द येतात.

प्रश्नावली कशी लिहायची? मला वाटलं होतं हे सर्वांत सोपं असेल.

ते दिसतं सोपं. एका रक्तदान मोहिमेसाठी आलेला प्रश्न बघा: 'आमची जाहिरात तुम्हाला आकर्षक आणि माहितीपूर्ण वाटली का? हो / नाही.'

पहिली अडचण, उत्तर देणाऱ्याने जाहिरात पाहिली आहे हे गृहीत धरलंय. दुसरी, 'आकर्षक' आणि 'माहितीपूर्ण' हे दोन प्रश्न एकात कोंबलेत. ज्याला ती सुंदर पण पोकळ वाटली, त्याने काय खूण करायची? तिसरी, 'आमची' म्हटल्यावर समोरचा भिडेखातर 'हो' म्हणतो. चौथी, हो-नाहीत 'थोडीशी'ला जागाच नाही.

हाच मुद्दा चार पायऱ्यांत विचारा. 'गेल्या सात दिवसांत रक्तदानाविषयीचं एखादं पोस्टर किंवा जाहिरात पाहिल्याचं आठवतं का?' मग: 'त्यात काय होतं, आठवेल तेवढं लिहा.' त्यानंतर पोस्टर दाखवून: 'हे पाहिलं होतं का?' आणि शेवटी 'आकर्षक'साठी एक आणि 'माहितीपूर्ण'साठी एक, अशा दोन स्वतंत्र पाच-बिंदू पट्ट्या. क्रम उलटा करायचा नाही. पोस्टर आधी दाखवलंत, तर आठवणीचा प्रश्न संपलाच. आणि पोस्टर दाखवून विचारता तेव्हा कधीच न लावलेलं एखादं बनावट पोस्टरही मध्ये घाला. तेही 'पाहिलं' म्हणणारे निघतात, आणि किती निघतात यावरून खऱ्या पोस्टरच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

शब्दांनी उत्तर किती हलतं याचं एक जुनं उदाहरण मी दरवेळी सांगते. अमेरिकेत डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत एका गटाला विचारलं होतं, लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का? ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. दुसऱ्या गटाला विचारलं, अशा भाषणांवर बंदी घालावी का? 'घालावी' म्हणणारे ४६ टक्केच. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यांत व्यवहारात काय फरक? काही नाही. पण 'बंदी' हा शब्द जड जातो.

'जाहिरातींचा तुमच्यावर परिणाम होतो का?' हा प्रश्न तर विचारूच नका. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये 'तिसऱ्या व्यक्तीवरचा परिणाम' ही कल्पना मांडली: माध्यमांचा प्रभाव इतरांवर पडतो, माझ्यावर नाही, असं माणसं मानतात. तुमच्या तक्त्यातही तेच उतरेल आणि त्यातून जाहिरातीबद्दल काहीच कळणार नाही.

शेवटचं, पायलट, म्हणजे खऱ्या सर्व्हेआधीची छोटी चाचणी. पाच-सहा जणांच्या शेजारी बसून त्यांना प्रश्न मोठ्याने वाचायला आणि मनात येईल ते बोलायला सांगा. 'तुम्ही नियमितपणे बातम्या वाचता का?' यावर एक जण रोजचा विचार करतो, दुसरी आठवड्यातून एकदाचा, आणि दोघंही 'हो' लिहितात. तिथेच 'नियमितपणे' खोडून 'गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस' असं लिहायचं. ही अर्ध्या तासाची बैठक पुढचे कित्येक दिवस वाचवते.

सर्व्हेत किती लोक हवेत?

याला दोन उत्तरं आहेत आणि विद्यार्थ्यांना पहिलंच ऐकायचं असतं.

पहिलं, आकड्याचं. नमुना खरोखर यादृच्छिक असेल, म्हणजे माणसं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडलेली असतील, तर १ ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागा. चूक साधारण तेवढ्याच्या आत राहील, हे ९५ टक्के खात्रीने सांगता येतं. १०० लोक घेतले तर वर्गमूळ १०, म्हणजे चूक १० टक्केबिंदू इकडे-तिकडे. ४०० घेतले तर ५. हजार घेतले तर जवळपास ३. चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात, म्हणून मोठमोठे सर्व्हेसुद्धा हजार-दीड हजारावर थांबतात. लोकसंख्या एक लाख आहे की दहा कोटी, याने यात फारसा फरक पडत नाही. हे पचायला वेळ लागतो, पण खरं आहे.

दुसरं उत्तर: माणसं किती, यापेक्षा ती आली कुठून हे महत्त्वाचं. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, आणि २० लाखांहून अधिक परत आल्या. एवढा मोठा नमुना आजही फार थोड्यांना परवडतो. त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते आले होते वर्गणीदार, टेलिफोनधारक आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, म्हणजे मंदीच्या काळातल्या बऱ्या स्थितीतल्या माणसांमधून. आणि तीन चतुर्थांश लोकांनी उत्तरच दिलं नाही; ज्यांनी दिलं ते वेगळ्या कलाचे होते. त्याच निवडणुकीत गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. ते साप्ताहिक १९३८ मध्ये बंद पडलं.

मग गूगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर?

विद्यार्थी प्रकल्पात बहुधा तेच होतं, आणि ते निषिद्ध नाही. फक्त त्याला 'रँडम सॅम्पल' म्हणू नका. तो सोयीचा नमुना आहे. त्यावरून '५ टक्केबिंदू इकडे-तिकडे' असा हिशोब मांडू नका, 'तरुणांपैकी ६८ टक्के' असं लिहू नका. 'उत्तर देणाऱ्यांपैकी' असं लिहा. वेगवेगळ्या वर्षांचे, शाखांचे, वसतिगृहातले आणि घरून येणारे असे कोटे ठरवून माणसं शोधलीत, तर नमुना निदान एकसुरी राहत नाही. विद्याशाखेची यादी मिळाली तर प्रत्येक दहावं नाव घेणं अवघड नाही. पहिलं नाव तेवढं चिठ्ठी टाकून ठरवा. थोडी पायपीट होते, पण व्हायवात त्याचं चीज होतं.

फोकस ग्रुप म्हणजे आठ जणांना बसवून गप्पाच ना?

गप्पांसारख्या दिसाव्यात, हीच तर मेहनत आहे. या पद्धतीची मुळं १९४० च्या दशकात आहेत. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी त्यांचे सहकारी रॉबर्ट मर्टन यांना रेडिओ कार्यक्रमाची चाचणी बघायला बोलावलं. श्रोते कार्यक्रम ऐकताना आवडलं तर हिरवं, नावडलं तर लाल बटण दाबत होते. नंतर त्यांना कारणं विचारली जात. मर्टन यांच्या लक्षात आलं की प्रश्न विचारणारा नकळत उत्तरं सुचवतोय. त्यातून 'केंद्रित मुलाखत' आकाराला आली, आणि आजही सूत्रधाराची पहिली परीक्षा हीच असते.

एक प्रसंग डोळ्यापुढे आणा. जाहिरात दाखवून झाली. सूत्रधार विचारतो, 'कशी वाटली? आवडली ना?' समोरची खिडकीशी बसलेली मुलगी म्हणते, 'हो, छान आहे.' पुढचे तिघं मान डोलावतात. संपलं. आता तेच असं करा: जाहिरात संपताच कुणी काही न बोलता दोन मिनिटं कागदावर लिहायचं, मगच बोलायचं. लिहिलेलं समोर असल्याने पहिल्या वक्त्याच्या मागे फरफटत जाणं कमी होतं. मग विचारा, 'ही बघून तुमचा एखादा मित्र हसला असता, तर कुठे हसला असता?' स्वतःबद्दल न बोलणारा माणूस मित्राबद्दल भरभरून बोलतो. आणि शांतता पसरली की ती भरून काढायची घाई करू नका. पुढचं वाक्य बहुतेक वेळा महत्त्वाचं असतं.

अहवालात फोकस ग्रुपची टक्केवारी मात्र देऊ नका. आठांपैकी सहा म्हणजे ७५ टक्के नव्हेत, ते सहा जणच.

जाहिरातीमुळेच विक्री वाढली हे सिद्ध कसं करायचं?

नुसतं आधीचं आणि नंतरचं बघून नाही. जाहिरात बहुधा हंगामात सुरू होते, आणि हंगामात विक्री तशीही वाढते. तुलनेला जाहिरात न पाहिलेला गट लागतो, आणि कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकून ठरावं लागतं. त्या चिठ्ठीमुळे वय, आवड, ऐपत हे सगळं दोन्ही गटांत सरासरीने सारखं वाटलं जातं. उरलेला फरक मग जाहिरातीचा.

प्लॅटफॉर्मवरच्या ए/बी टेस्टबद्दल एक सावधगिरी. तुम्ही दोन जाहिराती सोडता, पण कोणती कुणाला दाखवायची हे पुष्कळदा अल्गोरिदम ठरवतो, आणि तो प्रत्येक जाहिरातीसाठी क्लिक करण्याची शक्यता असलेली माणसं शोधतो. मग 'अ' ला जास्त क्लिक मिळाले ते जाहिरात चांगली म्हणून, की तिला वेगळे प्रेक्षक मिळाले म्हणून? यामुळे वर्गात दोन आवृत्त्या छापून, फेटून वाटलेला साधा कागदी प्रयोग कधीकधी जास्त स्वच्छ ठरतो.

आशय विश्लेषणाला दोन कोडर, म्हणजे नोंदी करणारी दोन माणसं, कशाला? मी एकटीने नीट केलं तर?

तुम्ही नीटच कराल, पण ते दुसऱ्याला कसं कळणार? तुमचे नियम वाचून परकी व्यक्ती त्याच नोंदी करते का, हे तपासायचं असतं. 'जाहिरातीत स्त्री पात्र बोलतं का?' यावर एकमत सहज होतं. 'बातमीचा सूर कंपनीला अनुकूल आहे का?' यावर भांडणं होतात, आणि त्या भांडणांतूनच कोडबुक, म्हणजे नोंदींची नियमावली, सुधारतं.

नुसती जुळण्याची टक्केवारी मात्र फसवी असते. समजा १०० जाहिरातींपैकी ९० मध्ये वैज्ञानिक पात्र नाही. दोन्ही कोडरनी न बघताच दहापैकी नऊ वेळा 'नाही' लिहिलं, तरी नुसत्या योगायोगाने ८२ टक्के नोंदी जुळतात. म्हणूनच जेकब कोहेन यांचा १९६० चा कप्पा किंवा क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा ही मापं वापरतात. ते योगायोगाचा वाटा वजा करतात. वरच्या उदाहरणात कप्पा शून्य येतो. अल्फा ०.८० च्या वर असेल तर निर्धास्त राहा.

पी-व्हॅल्यू म्हणजे काय, एका वाक्यात?

खरोखर काहीच फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, ते पी-व्हॅल्यू सांगते. तुमचं गृहीतक खरं असण्याची शक्यता ती नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये हे स्पष्ट करणारं निवेदन काढावं लागलं, यावरून गोंधळ किती पसरलाय ते कळेल. आणि वीस तुलना करून एकच 'सिग्निफिकंट' (म्हणजे पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली) निघाली, तर हुरळू नका: कुठेच फरक नसतानाही, वीस स्वतंत्र तुलनांत निदान एक ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते.

पीआरचं यश मोजायचं कसं? आम्ही इंटर्नशिपला कात्रणं मोजून त्यांची जाहिरातदराने किंमत काढत होतो.

ही पद्धत अजून चालते, पण सोडायला हवी. बातमीने व्यापलेली जागा गुणिले जाहिरातीचा दर, एवढंच ते गणित. त्यात वाईट बातमीचीही किंमत चढते. संकटात एखादी खोटी बातमी छापून येण्याआधीच तुम्ही वस्तुस्थिती दाखवून थांबवली, तर त्या कामाची किंमत शून्य. २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये या क्षेत्रातल्या संस्थांनी एकत्र येऊन सांगितलं की जाहिरातदराची किंमत म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे.

त्याऐवजी तीन थर वेगळे ठेवा: आपण काय बाहेर पाठवलं, लोकांपर्यंत त्यातलं काय पोचून समजलं, आणि त्यामुळे काय बदललं. रक्तदानाच्या मोहिमेत पहिल्या थरात प्रसिद्धिपत्रकं आणि पोस्ट, दुसऱ्यात 'रक्त दिल्याने कायमचा अशक्तपणा येतो' असा गैरसमज किती जणांचा दूर झाला ते, आणि तिसऱ्यात पहिल्यांदाच आलेले रक्तदाते. यासाठी मोहिमेच्या आधीची नोंद हवी. मोहीम संपल्यावर फोन करून 'आता मोजून द्या' म्हणणाऱ्यांना काहीही देता येत नाही.

नैतिक परवानगीचा फॉर्म हा नुसता सोपस्कार आहे का?

नाही, आणि या एका बाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

फेसबुकवरच्या ६,८९,००३ लोकांच्या न्यूज फीडमधला भावनिक मजकूर त्यांना न कळवता कमी-जास्त करून, त्यांच्या पोस्टवर काय परिणाम होतो हे पाहणारा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वापराच्या अटींना दिलेली संमती पुरेशी मानली गेली होती. मोठा गदारोळ झाला आणि तो छापणाऱ्या नियतकालिकालाही चिंता व्यक्त करणारं टिपण जोडावं लागलं. लांबलचक अटींवर केलेलं क्लिक म्हणजे समजून दिलेली संमती नव्हे. तुमच्या फॉर्मच्या पहिल्या पानावर साध्या भाषेत लिहा: कशासाठी विचारतोय, किती वेळ लागेल, माहितीचं काय होईल, मधेच सोडता येईल. नाव आणि फोन नंबर लागत नसेल तर मागूच नका.

जनसंपर्काच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. ४ जानेवारी १९५४ ला अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत सिगारेट कंपन्यांचं पानभर निवेदन आलं. जनतेचं आरोग्य आम्ही सर्वांत वर मानतो आणि संशोधनाला पैसा देऊ, असं त्यात होतं. मागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क संस्था होती. त्या 'संशोधना'चा उपयोग पुढे कित्येक वर्षं सिगारेट खरंच घातक आहे का, ही शंका जिवंत ठेवायला झाला, आणि २००६ मध्ये अमेरिकी न्यायालयाने या कंपन्यांनी जनतेची फसवणूक केल्याचा निकाल दिला. दरम्यान माणसं मरत होती. संशोधनाचा पोशाख घातलेला प्रचार ओळखता येणं आणि तो करायला नकार देणं, हे या पेपरमध्ये शिकायलाच हवं.

एआयकडून प्रश्नावली भरून घेतली तर?

ती बनावट माहिती ठरते. प्रश्नांची भाषा तपासायला, मुलाखतींचं शब्दांकन करायला एआय घ्या, पण मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून बघा, आणि वापर झाल्याचं अहवालात लिहा. ध्वनिमुद्रण बाहेरच्या सेवेवर चढवण्याआधी मुलाखत देणाऱ्याची परवानगी लागते, हेही विसरू नका.

एसपीएसएस, आर, एक्सेल. आकडेमोडीसाठी यातलं कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

एक्सेलने सुरुवात करा. विभागात जे शिकवतात ते दुसरं. आर मोफत आहे आणि पुढे कामाला येतं.

निकाल गृहीतकाच्या उलटा आला. मार्क जातील का?

जात नाहीत. प्रायोजित असल्याचा उल्लेख पहिल्या ओळीत आल्यावर विश्वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला, असं निघालं तर ती तुमच्या प्रकल्पातली सगळ्यात वाचनीय गोष्ट आहे. निकाल बघून गृहीतक गुपचूप बदलणं मात्र गंभीर आहे, म्हणूनच डेटा गोळा करण्याआधी गृहीतक तारखेसह गाईडना मेल करून ठेवा.

व्हायवात काय विचारतात?

'हाच नमुना का?', 'हा शब्द मोजलात कसा?' आणि 'यावरून काय म्हणता येत नाही?' तिसऱ्यावर बहुतेक जण 'वेळ कमी होता' असं सांगतात. ती मर्यादा नव्हे, ती सबब. 'उत्तर देणारे सगळे एकाच विद्याशाखेचे होते, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांबद्दल मी काही सांगू शकत नाही', असं नेमकं सांगा. सोबत कोरी प्रश्नावली, संमतीपत्राचा नमुना, कोडबुक आणि मूळ डेटाची फाइल ठेवा. परीक्षकांनी एखाद्या तक्त्याकडे बोट दाखवून 'हा आकडा आला कुठून?' असं विचारलं, की फाइल उघडून ती ओळ त्यांच्यासमोर धरा.